दक्षिणी बार्बेक्यू घरच्या बॅकयार्डात: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

नॉर्थ कॅरोलायना, जॉर्जिया, टेनेसी, अलाबामा या बाजूला नव्याने राहायला आलेल्या मराठी घराला पहिल्याच उन्हाळ्यात शेजाऱ्यांकडून नाहीतर ऑफिसातल्या कुणाकडून बार्बेक्यूचं बोलावणं येतं. जाऊन आलं की आपणही एकदा सगळ्यांना बोलवावं असं वाटतं. मग गॅसचं ग्रिल येतं, बर्गर, कणसं, पनीर सगळं एकदम त्यावर चढतं आणि यजमान अख्खी संध्याकाळ धगीसमोर घाम पुसत उभा राहतो. जेवण होतं, पण त्याला कुणाशी दोन शब्द धड बोलता येत नाहीत.

दक्षिणेतली रीत याच्या उलट आहे. काम पहाटे सुरू होतं आणि पाहुणे यायच्या आत बहुतेक उरकलेलं असतं. मांस गुंडाळून ठेवलेलं असतं, ते माणसांची वाट बघतं. गावाकडची हुरडा पार्टी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हा निवांतपणा लगेच ओळखीचा वाटेल. सोळा माणसं, शनिवारचा दिवस आणि संध्याकाळी पाचला जेवण असं धरून सगळं सांगतो. माणसं कमी-जास्त असतील तर मापं बदला, पण क्रम बदलू नका.

कोणत्या गावचा बार्बेक्यू?

दक्षिणेत दर शे-दोनशे मैलांवर चव बदलते आणि लोक आपल्या चवीसाठी मनापासून भांडतात. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात अख्खं डुक्कर लाकडाच्या निखाऱ्यांवर शिजतं आणि वर फक्त व्हिनेगर आणि मिरचीचं पातळ सॉस पडतं. तिथून पश्चिमेला, लेक्सिंग्टनच्या बाजूला, फक्त खांद्याचा भाग घेतात आणि सॉसमध्ये थोडं केचप येतं. साउथ कॅरोलायनाच्या मध्य भागात पिवळं मोहरीचं सॉस, मेम्फिसला कोरडा मसाला चोळलेल्या बरगड्या, उत्तर अलाबामात चिकनवर मेयोनेजचं पांढरं सॉस. टेक्सास म्हणजे बीफ ब्रिस्केट, म्हणजे छातीचं मांस. आणि आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसलेली गोष्ट: केंटकीतलं ओवेन्सबरो हे गाव मेंढीच्या मटणाच्या बार्बेक्यूसाठी प्रसिद्ध आहे. पोर्क आणि बीफ दोन्ही नको असणाऱ्यांना ही वाट मोकळी आहे.

ही सगळी विद्या कुणाची हेही माहीत असावं. व्हर्जिनिया आणि कॅरोलायनांमध्ये मळ्यांवरच्या मेजवान्यांसाठी रात्रभर खड्ड्यातल्या निखाऱ्यांशेजारी जागून अख्खी जनावरं शिजवण्याचं काम प्रामुख्याने गुलामगिरीत अडकलेल्या आफ्रिकन माणसांनी केलं. आज जो 'सदर्न बार्बेक्यू' म्हणून मिरवतो त्याचं कसब त्यांच्या हातातून पुढे आलं. साउथ कॅरोलायनाच्या हेमिंगवे या छोट्या गावात वाढलेल्या रॉडनी स्कॉट यांना २०१८ साली जेम्स बियर्ड हा अमेरिकेतला शेफ मंडळींसाठीचा मानाचा पुरस्कार मिळाला, तो अशाच अख्ख्या डुकराच्या बार्बेक्यूच्या परंपरेतून. खाताना एवढी जाण ठेवणं हा मला या जेवणाचाच भाग वाटतो.

पहिल्यांदा करताना पोर्क शोल्डर घ्या. चरबी भरपूर असल्याने तो सहसा कोरडा पडत नाही आणि नवख्या हाताच्या बऱ्याच चुका पोटात घालतो. बरगड्या आणि ब्रिस्केट पुढच्या वर्षासाठी ठेवा.

बोलावतानाच विचारून घ्या

आपल्या गोतावळ्यात एकाच टेबलावर चार तऱ्हेची पानं असतात: सगळं खाणारे, फक्त चिकन खाणारे, शाकाहारी, अंडंही न खाणारे. त्यात मुस्लिम मित्र असतील तर त्यांच्यासाठी हलाल चिकन आणि पोर्क न लागलेली जाळी हवी. हे फोनवरच विचारा. त्यात संकोच वाटायचं काही कारण नाही, उलट समोरच्याला बरं वाटतं.

दक्षिणेतले लोक "येताना काय आणू?" असं हमखास विचारतात. "काही नको" हे उत्तर त्यांना परकं वाटतं. नेमकं सांगा: एकाने बर्फ, एकाने कलिंगड, एकाने पोटॅटो सॅलड, एकाने गोड. शेजाऱ्यांनाही बोलवा. दिवसभर तुमचा धूर त्यांच्याकडे जाणार आहे.

दिवस निवडायचा तर मे महिन्याचा शेवटचा सोमवार म्हणजे मेमोरियल डे, चार जुलै आणि सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे लेबर डे हे इथले बार्बेक्यूचे ठरलेले सण. त्यांच्या आसपास दुकानांत कोळसा आणि मांस दोन्हीवर सूट असते. माझी पसंती मात्र ऑक्टोबरला. डास कमी आणि ऊन सोसवणारं.

काय आणायचं

साधं बावीस इंची केटल ग्रिल पुरतं, म्हणजे तीन पायांवरचं झाकणाचं गोल भांडं. कोळशाच्या ब्रिकेट्सची, म्हणजे दाबून केलेल्या वड्यांची, वीस पौंडांची एक पिशवी, हिकरीच्या लाकडाचे मुठीएवढे चार-पाच तुकडे, कोळसे पेटवायची उभी नळकांडी म्हणजे चिमनी, आणि एक चांगला डिजिटल थर्मामीटर. पैसे वाचवायचे तर बाकी कशातही वाचवा, थर्मामीटरमध्ये नको. झाकणावरची घड्याळासारखी तबकडी बरीच चुकते.

हिकरी नसेल तर ओक, पिकॅन, सफरचंद किंवा चेरीचं लाकूड चालतं. पाइन आणि इतर चिकाची लाकडं, रंग दिलेल्या फळ्या, बांधकामातलं उरलेलं लाकूड अजिबात नको. कोळशावर ओतायचं लायटर फ्लुइडही टाळा, त्याचा वास मांसाला लागतो. चिमनीखाली कागदाचे दोन बोळे पुरतात.

मांसाच्या काउंटरवर 'बॉस्टन बट' असं लेबल शोधा. हा खांद्याचाच वरचा भाग. शिजल्यावर वजन जवळपास निम्मं होतं, म्हणून आठ पौंडांतून चार पौंड खाण्याजोगं निघतं. पोर्क खाणारे दहा जण असतील तर तेवढं भरपूर होतं. आठ पौंडांचा एक गोळा आणण्याऐवजी चार-चार पौंडांचे दोन आणा. वेळ बराच वाचतो आणि मसाल्याची काळी कुरकुरीत साल, जिच्यासाठी लोक भांडतात, ती जास्त मिळते.

आदली संध्याकाळ

मांस पुसून कोरडं करा. दर पौंडाला अर्धा छोटा चमचा जाडं कोशर मीठ चोळा आणि उघडंच फ्रिजमध्ये ठेवा. मसाला वेगळा कालवून ठेवा: पॅप्रिका आणि ब्राउन शुगर चार-चार मोठे चमचे, मिरपूड, लसणाची पूड, कांद्याची पूड एकेक मोठा चमचा, केयेन मिरची एक छोटा चमचा. इथे गरम मसाला घालायचा मोह होतो. पहिल्या खेपेला घालू नका. धुराची स्वतःची चव एकदा नीट जिभेवर येऊ द्या, मग पुढे हवे ते प्रयोग करा.

सॉसही आजच. पूर्व कॅरोलायनाचं सॉस शिजवावंही लागत नाही: दोन कप ॲपल सायडर व्हिनेगर, एक मोठा चमचा कुटलेली लाल मिरची, एक छोटा चमचा मिरपूड, दोन छोटे चमचे मीठ, एक मोठा चमचा ब्राउन शुगर. बाटलीत घालून हलवा. रात्रभरात मिरची उतरते. नुसतं चाखलं तर घसा धरेल, पण चरबीदार मांसावर पडलं की त्याचं काम कळतं.

पोटॅटो सॅलड, कोलस्लॉची कोबी, बीन्स हे सगळंही आजच करून टाका. उद्या स्वयंपाकघरात उभं राहायचं नाही.

पहाट: आग

सहाला उठा. ग्रिल घरापासून आणि कुंपणापासून किमान दहा फूट लांब, सपाट जागी असावं. गॅरेजमध्ये किंवा छताखाली नको. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही आणि जीव घेतो. अपार्टमेंटच्या बाल्कनीत कोळशाचं ग्रिल बहुतेक ठिकाणी नियमात बसत नाही. तिथे राहणाऱ्यांनी पार्कातली ग्रिल असलेली शेड आधी बुक करावी.

ग्रिलच्या तळाशी, कडेला धरून ब्रिकेट्स गोलाकार रचत जा: खाली दोन शेजारी-शेजारी, त्यांच्यावर दोन, अशी सलग रांग वर्तुळाच्या दोन-तृतीयांशापर्यंत. रांगेवर थोड्या-थोड्या अंतराने लाकडाचे तुकडे ठेवा. लाकूड पाण्यात भिजवायची गरज नाही, भिजलेल्या लाकडातून आधी नुसती वाफ निघते. मधल्या मोकळ्या जागेत ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये गरम पाणी ठेवा. आता दहा-बारा ब्रिकेट्स चिमनीत पेटवून त्यांच्यावर राखाडी थर आला की रांगेच्या एका टोकाला ठेवा. एक कोळसा दुसऱ्याला पेटवत आग हळूहळू पुढे सरकते आणि सहा ते आठ तास पुरते.

मसाला चोळलेलं मांस मधोमध, पाण्याच्या ट्रेच्या वर ठेवा, चरबीची बाजू वर. झाकण लावा. वरची झडप अर्धी उघडी ठेवा आणि आच खालच्या झडपेने सांभाळा: हवा जास्त गेली की आच वाढते, कमी केली की उतरते. लक्ष्य २२५ ते २५० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १०७ ते १२१ सेल्सिअस. थर्मामीटरचं टोक जाळीवर, मांसाच्या शेजारी असावं.

मांस ठेवण्याआधी धुराकडे नीट बघा, सगळं त्यातच आहे. सुरुवातीला पांढरा, दाट, डोळ्यांत जाणारा धूर येतो. तो कडू असतो. त्यात मांस ठेवू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग धूर विरत जातो, पातळ होतो, त्यात निळसर झाक येते. झडपेच्या वर दिसतो-न दिसतोसा. हाच हवा. पुन्हा दाट पांढरा झाला तर हवा कोंडली आहे, खालची झडप जरा उघडा.

आणि झाकण उघडू नका. दर वेळी आच पडते आणि वेळ वाढतो. मांसात खुपसलेला थर्मामीटर बाहेरूनच आकडा दाखवतो.

मधेच आकडा थांबतो

ही गोष्ट नवख्या माणसाला घाबरवते, म्हणून सविस्तर सांगतो. तीन-चार तासांनी मांसाचं आतलं तापमान १५० ते १७० अंशांच्या दरम्यान येतं आणि तिथेच अडकतं. तास-दीड तास काटा हलत नाही. आग विझली असं वाटतं, माणूस कोळसे वाढवतो आणि साल करपवतो. खरं तर मांसाच्या पृष्ठभागावरून ओलावा उडत असतो आणि उडताना उष्णता घेऊन जातो. जितकी आच आत शिरते तितकी बाहेर पडते.

उपाय सोपा आहे. आकडा १६५ च्या आसपास आला आणि साल गडद महोगनी रंगाची, बोटाने घासली तरी न निघणारी झाली की दोन्ही तुकडे जाड फॉइलमध्ये दुहेरी घट्ट गुंडाळून परत ठेवा. वाफ आत कोंडते आणि काटा पुन्हा चढू लागतो. गुंडाळल्यावर धुराचा संबंध संपतो, म्हणून आग आवरत नसेल, पाऊस आला असेल, दक्षिणेतल्या उन्हाळी दुपारी तो गडगडत येतोच, तर खुशाल घरातल्या ओव्हनमध्ये २७५ अंशांवर ठेवा. चवीत फरक पडत नाही.

पोर्क १४५ अंशांनाच खाण्यास सुरक्षित होतं, मग १९५ ते २०५ पर्यंत का न्यायचं? खांद्यात कोलॅजन खूप असतं. मंद आचेवर तासन्‌तास राहून ते वितळतं, त्याचं जिलेटिन होतं आणि चिवट मांस बोटांनी सुटण्याइतकं मऊ पडतं. म्हणून आकड्याबरोबर हातानेही बघा. थर्मामीटरची सळई मऊ लोण्यात गेल्यासारखी सहज जायला हवी, आणि हाड धरून हलकेच पिळलं तर ते कोरडं, स्वच्छ बाहेर यायला हवं. अडलं तर अजून अर्धा तास.

हे साधारण दोन-तीनच्या सुमारास होईल. लवकर झालं तर उत्तमच. फॉइलसकट जुन्या टॉवेलांत गुंडाळून रिकाम्या कूलरमध्ये, अर्थात बर्फ न घालता, झाकून ठेवा. तीन तासही चांगलं गरम राहतं. किमान एक तास तरी ही विश्रांती द्याच, नाहीतर सोडवताना सगळा रस ताटात सांडतो.

चिकन

पोर्क कूलरमध्ये गेलं की जाळी बदला. पोर्क न खाणाऱ्यांसाठी दुसरी जाळी ठेवणं हा खर्च नव्हे, आदर आहे. आता चिमनी भरून नवे निखारे एका बाजूला ओता आणि चिकनच्या मांड्या दुसऱ्या बाजूला, निखाऱ्यांपासून दूर ठेवा. इथे आच ३५० च्या आसपास हवी, मंद आचेवर कातडी रबरासारखी होते. पाऊण ते एक तास. १६५ ला चिकन सुरक्षित होतं, पण मांड्या १७५ ते १८० ला जास्त मऊ लागतात.

त्याबरोबर अलाबामाचं पांढरं सॉस: एक कप मेयोनेज, पाव कप सायडर व्हिनेगर, थोडा लिंबाचा रस, एक चमचा तयार हॉर्सरॅडिश, भरपूर मिरपूड. डेकेटर गावातल्या बिग बॉब गिब्सन यांच्या नावाशी ते जोडलं गेलेलं आहे. त्यांचं दुकान १९२५ पासूनचं. अंडं न खाणाऱ्यांना सॉसबद्दल सांगायला विसरू नका.

शाकाहारी पाहुणे

त्यांना कोपऱ्यातली दोन कणसं देऊन भागवू नये. मित्राकडून छोटं दुसरं ग्रिल मागून आणा. चिमटेही वेगळे ठेवा आणि एकावर रंगीत चिकटपट्टी लावा. त्यावर सालासकट मका, पनीर आणि सिमला मिरची, आणि अख्खी वांगी थेट निखाऱ्यांवर. खानदेशात कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत ज्यांनी खाल्लंय, त्यांना धुराची चव शिकवावी लागत नाही. हिकरीच्या धुरातलं भरीत कॉर्नब्रेडबरोबर द्या. शेजारी येऊन कृती विचारतील.

खरा धोका बाजूच्या पदार्थांत आहे. दक्षिणेत भाजीतही मांस असतं. डब्यातल्या बेक्ड बीन्समध्ये बहुधा पोर्कचा तुकडा असतो, 'व्हेजिटेरियन' लिहिलेला डबाच घ्या. कॉलर्ड ग्रीन्स आणि फरसबी अनेकदा हॅम किंवा बेकनबरोबर शिजवतात. कॉर्नब्रेडमध्ये बेकनची चरबी असू शकते. वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात आणि मार्शमेलोमध्ये जिलेटिन. पाहुण्यांनी आणलेल्या पदार्थांसमोर छोट्या चिठ्ठ्या लिहून ठेवा. भारतातून आलेल्या आई-बाबांना त्यामुळे कुणाला विचारावं लागत नाही, निर्धास्तपणे वाढून घेता येतं.

बाकीचं पान

कोलस्लॉ हवाच, तो बनमध्ये मांसावरच बसतो. कोबी, थोडं गाजर, व्हिनेगर, साखर, मीठ, हवं तर मेयोनेज. बन साधे, मऊ, पांढरे. लोणच्याच्या काकडीच्या चकत्या. गोडाला पीच कॉब्लर किंवा बनाना पुडिंग.

पेय म्हणजे स्वीट टी. चार कप उकळत्या पाण्यात काळ्या चहाच्या आठ पिशव्या आणि चिमूटभर खाण्याचा सोडा, दहा मिनिटांनी पिशव्या काढून गरम असतानाच एक कप साखर, मग थंड पाणी घालून एक गॅलन करा. सोड्याने तुरटपणा कमी होतो. मधुमेह असणाऱ्यांसाठी एक बरणी बिनसाखरेची. बर्फ मात्र वाटतो त्याच्या दुप्पट लागतो. माणशी दोन पौंड धरा.

अंगण

सावली सगळ्यात आधी. झाड नसेल तर कापडी मांडव उभारा आणि ज्येष्ठांच्या खुर्च्या तिथे, ग्रिलचा धूर जिकडे जातो त्याच्या उलट बाजूला. डासांसाठी मेणबत्त्यांपेक्षा साधा टेबलफॅन जास्त उपयोगी, डासांना वाऱ्यात उडता येत नाही. पेयांचा कूलर आणि जेवणाचं टेबल लांब-लांब ठेवा म्हणजे गर्दी फुटते. मुलांसाठी आणि मोठ्यांसाठीही कॉर्नहोलच्या, म्हणजे भोक असलेल्या फळीवर छोट्या पिशव्या फेकायच्या खेळाच्या, दोन फळ्या भाड्याने किंवा उसन्या आणा, अंतर सत्तावीस फूट, एकवीस गुण. लहान मुलं असतील तर फळ्यांमधलं अंतर निम्मं करा. ग्रिलभोवती खडूने रेघ मारून "याच्या आत यायचं नाही" हे मुलांना पहिल्याच मिनिटाला सांगा.

पाच वाजता

पावणेपाचला पोर्क उघडा. फॉइलमध्ये साठलेला रस वाटीत काढा. हातमोजे घालून किंवा दोन काट्यांनी मांस सोडवा, फार बारीक नको, करंगळीएवढे धागे. काळी साल चिरून सगळीकडे मिसळा म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला येईल. थोडा रस, थोडं व्हिनेगरचं सॉस, एकदा कालवा, चाखा. उरलेलं सॉस टेबलावर.

मग हात धुवा, स्वतःचं ताट वाढून घ्या आणि जाऊन बसा. लोक आपापलं घेतात. आग्रह करत फिरायची आपली सवय इथे बाजूला ठेवली तरी कुणी उपाशी राहत नाही.

उघड्यावरचं अन्न दोन तासांत फ्रिजमध्ये जायला हवं, बाहेर नव्वद अंशांच्या वर गरमी असेल तर एका तासात. मेयोनेजचे पदार्थ बर्फाच्या परातीत ठेवा. निघताना प्रत्येकाच्या हातात एक डबा द्या, म्हणून डबे आधीच आणून ठेवा. तरीही उरलेलं पोर्क आणि चिकन टोमॅटो, मका, लिमा बीन्स, बटाटे यांबरोबर शिजवलं की रविवारचं ब्रन्सविक स्ट्यू होतं. ते आपलंच असा दावा व्हर्जिनियातली ब्रन्सविक काउंटी आणि जॉर्जियातलं ब्रन्सविक शहर दोघंही करतात.

झोपण्याआधी ग्रिलच्या सगळ्या झडपा बंद करा. राख वरून गार दिसली तरी आत निखारे एक-दोन दिवस जिवंत राहू शकतात, म्हणून ती लगेच कचऱ्याच्या प्लास्टिकच्या डब्यात टाकू नका. सोमवारी झाकणाच्या लोखंडी बादलीत काढा, पाणी ओतून ढवळा, आणि मगच फेका.